मोजलेलं आणि मानलेलं

साठीच्या एका गृहस्थांचा स्कॅन पडद्यावर आहे असं समजू. जिना चढताना त्यांच्या छातीत आवळल्यासारखं होतं. ईसीजीवरून उलगडा होईना, म्हणून कार्डिऑलॉजिस्टनी त्यांना न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पाठवलं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, सकाळी शिरेतून किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन, मग हात डोक्यामागे घेऊन पंधरा-वीस मिनिटं न हलता पडून राहणं. आपल्याकडे या तपासणीला अजूनही सर्रास 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात. औषध मात्र आता बहुतेक वेळा टेक्नेशियमचं असतं. पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे काप ओळीनं मांडलेले आहेत. रक्त जिथं भरपूर पोचलं तिथं स्नायूची कडा पिवळीधमक उजळली आहे, आणि तळाच्या भिंतीवर एक मळकट जांभळा पट्टा आहे.

तो पट्टा कशाचा? तिथं रक्त कमी पोचतंय, की तिथं जुन्या झटक्याचा व्रण आहे, की स्नायू धडधाकट असूनही तिथून निघालेले गॅमा किरण वाटेत डायफ्रॅमनं अडवले? पहिल्या दोन उत्तरांतून अँजिओग्राफी, कदाचित स्टेंट, घरच्यांची धावपळ आणि मोठा खर्च निघतो. तिसऱ्या उत्तरात माणूस घरी जातो. पुरुषांमध्ये हा फसवा डाग बहुधा तळाच्या भिंतीवर दिसतो, स्त्रियांमध्ये डाव्या स्तनाच्या आडोशामुळे पुढच्या भिंतीवर.

डाग खरा की खोटा हे डॉक्टर ठरवतात, पण त्यांच्यासमोर येण्याआधी तो संगणकानं रंगवलेला असतो. तो रंग तिथं भरताना संगणकानं प्रत्यक्ष किती मोजलं आणि किती मानून घेतलं, यावर त्या डागाचं वजन ठरतं. प्रतिमा-पुनर्रचनेच्या शास्त्रातली गेल्या पन्नासेक वर्षांची धडपड मला याच हिशेबाची वाटते.

मोजणी किती तुटपुंजी असते ते पाहा. दहा मिलिक्युरी औषध दिलं की शरीरात दर सेकंदाला ३७ कोटी अणूंचा ऱ्हास होतो. त्यातलं साधारण दीड टक्का औषध हृदयाच्या स्नायूत जातं, म्हणजे सेकंदाला पन्नास लाखांच्या आसपास किरण तिथून निघतात आणि चहूकडे उधळतात. गॅमा किरण भिंगानं वळवता येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यापुढे बारीक छिद्रांची शिशाची जाड जाळी लावावी लागते, तिला कोलिमेटर म्हणतात. छिद्रातून सरळ येईल तोच किरण आत जातो, बाकीचे शिशात जिरतात. दहा हजारांतला जेमतेम एक पार होतो. त्याआधी छातीतल्या मांसानं आणि हाडांनी आपला वाटा काढून घेतलेलाच असतो. शेवटी हृदयाकडून कॅमेऱ्याच्या एका डोळ्यापर्यंत सेकंदाला शंभर-सव्वाशे किरण पोचले तरी पुष्कळ. ६४ बाय ६४ चौकोनांच्या चित्रात ते विभागले, की वीस सेकंदांच्या एका दृश्यात हृदयावरच्या एकेका चौकोनाच्या वाट्याला दहा-वीस येतात.

पावसाचे पहिले टपोरे थेंब शहाबादी फरशीच्या अंगणात पडतात, तेव्हा एका फरशीवर सात आणि शेजारच्या फरशीवर दोन दिसतात. ढग मात्र दोन्हींवर सारखाच असतो. किरणांचंही असंच आहे. सोळा मोजले गेले तर त्यात चारेकांचा फरक असणं हा निसर्गाचा नियमच आहे आणि प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. सोळांत चार म्हणजे पंचवीस टक्के. इतक्या डळमळीत आकड्यांमधून हृदयाच्या एका भिंतीचा दुसरीशी असलेला थोडासा फरक ओळखायचा असतो.

गॅमा कॅमेरा बर्कलीच्या हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवला. टेक्नेशियम-९९एमचा जनरेटर त्याच सुमारास ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झाला. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या मोजमापांतून शरीराचा आडवा काप काढण्याची कल्पना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड कूल आणि रॉय एडवर्ड्स यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्षात आणली, म्हणजे सीटी स्कॅन रुग्णालयात येण्याच्या बरंच आधी. आज कॅमेरा छातीभोवती अर्धवर्तुळात फिरतो, साठ किंवा चौसष्ट ठिकाणी थांबतो आणि प्रत्येक ठिकाणाहून एक सपाट सावली नोंदवतो. या सावल्यांतून त्रिमितीय हृदय उभं करणं म्हणजेच पुनर्रचना.

त्यामागचं मूळ गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडलं होतं. त्याला रोजच्या वापराचं रूप देणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव भारतीय आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. जी. एन. रामचंद्रन. कोलॅजेनच्या तिपेडी रचनेमुळे आणि प्रथिनांच्या 'रामचंद्रन आलेखा'मुळे जीवशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. फूरियेच्या अवजड आकडेमोडीला बगल देऊन सरळ एका गाळणीनं सावल्यांवर संस्कार करायचा आणि त्या उलट्या पसरवून काप मिळवायचा, अशी ती रीत होती. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल हे १९६७ मध्ये अशाच उत्तरापर्यंत पोचले होते, पण वैद्यकीय यंत्रांच्या जगात ती गाळणी आजही 'रॅम-लॅक' म्हणून ओळखली जाते. जगभरच्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन भारतीय अर्ध्या-अर्ध्या नावानं बसलेले आहेत.

सीटीमध्ये क्ष-किरणांचा पूर असतो, म्हणून तिथं ही रीत उत्तम चालली. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये तिची एक खोड बाधते. रॅम-लॅक गाळणी बारीक तपशील उठावदार करते आणि प्वासाँच्या नियमातला डळमळीतपणा, म्हणजे नॉइज, हाही बारीक तपशिलासारखाच असतो, त्यामुळे तोही उठावदार होतो. मग तो दाबायला वरून दुसरी, मऊ करणारी गाळणी लावायची. ती किती मऊ ठेवायची हे ठरवणारा बटर्वर्थ गाळणीचा आकडा टेक्नॉलॉजिस्टच्या हातात असतो. कमी मऊ केली तर हृदयाची भिंत चिंध्यांसारखी दिसते, जास्त केली तर खरा डागही पुसला जातो. शेजारचं यकृत आणि आतडी हेही औषध शोषतात. यकृत फार उजळलं की ही रीत त्याच्या बाजूला उणे किमतीचे पट्टे ओढते आणि नेमकी हृदयाची तळाची भिंत फिकी पडते. म्हणून बऱ्याच ठिकाणी इंजेक्शननंतर रुग्णाला दूध किंवा काही तुपकट खायला देतात आणि पाऊण-एक तास थांबवतात, औषध यकृतातून खाली उतरावं म्हणून.

पण मुख्य अडचण या सगळ्याच्या मुळाशी होती. ही रीत असं धरून चालते की कॅमेऱ्यानं मोजलेला आकडा म्हणजे त्या सरळ रेषेतल्या औषधाची अचूक बेरीज. वाटेत काहीही हरवलं नाही, काहीही वळलं नाही, काहीही पसरलं नाही. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी घडतात.

बेल लॅब्जमधले लॉरेन्स शेप आणि त्यांचे सहकारी येहुदा वार्डी यांनी १९८२ मध्ये प्रश्न उलटा फिरवला. आधी एक अंदाजी हृदय घ्यायचं, अगदी सपाट राखाडी ठोकळा असला तरी चालेल. ते हृदय खरं असतं तर कॅमेऱ्याला काय दिसलं असतं ते संगणकानं काढायचं. प्रत्यक्ष मोजलेल्याशी त्याची तुलना करायची; जिथं मोजलेलं जास्त तिथं अंदाज वाढवायचा, जिथं कमी तिथं घटवायचा. मग पुन्हा तेच, फेरीमागून फेरी. मोजणीत चढउतार कसे होतात याचा प्वासाँचा नियम या पद्धतीच्या पायातच आहे आणि औषध उणे असू शकत नाही हेही तिला जात्याच कळतं. खगोलशास्त्रात रिचर्डसन आणि लुसी यांनी सत्तरच्या दशकात जवळजवळ हेच सूत्र काढलं होतं. हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष दुरुस्त होईपर्यंत तिची धूसर छायाचित्रं त्याच सूत्रानं साफ केली जात होती.

अडचण वेगाची होती. त्या काळच्या रुग्णालयातल्या संगणकाला अशा फेऱ्या परवडत नव्हत्या. सिडनीच्या माल्कम हडसन आणि रिचर्ड लार्किन यांनी १९९४ मध्ये वाट काढली: सगळ्या सावल्या एकदम न तपासता त्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटानंतर अंदाज सुधारायचा. सोळा गट केले तर काम जवळपास सोळापट लवकर होतं. आज बहुतेक विभागांत चालते ती हीच पद्धत, 'ओसेम'.

मला या बदलाचं मोल वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. 'हे हृदय असतं तर कॅमेऱ्याला काय दिसलं असतं' या प्रश्नाच्या उत्तरात आता खरं भौतिकशास्त्र घालता येऊ लागलं. किरणाच्या वाटेवर जे जे घडतं ते सगळं.

तळाच्या भिंतीवरचा तो डाग घ्या. टेक्नेशियमचे १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण पाण्यासारख्या ऊतीतून ४.६ सेंटिमीटर गेले की निम्मे गळतात. दहा सेंटिमीटरनंतर बावीस टक्के उरतात. फुप्फुसात हवा असल्यामुळे तिथं गळती फारच कमी, डायफ्रॅमखाली जास्त. म्हणजे कुठं किती गळती हे कळायला छातीचा नकाशा हवा. आधी गॅडोलिनियमच्या किरणोत्सारी स्रोतानं तो काढत. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रूस हासेगावा यांच्या गटानं गॅमा कॅमेरा आणि सीटी एकत्र आणण्याचा पाया घातला आणि नकाशा सीटीवरून मिळू लागला. नकाशा सूत्रात घातला की डायफ्रॅममुळे झालेला डाग भरून येतो आणि खरा डाग टिकून राहतो.

पण इथं एक सापळा आहे. सीटी काही सेकंदांत होतो, गॅमा कॅमेऱ्याला पंधरा मिनिटं लागतात. रुग्णानं सीटीच्या वेळी मोठा श्वास घेतलेला असेल तर हृदय आणि नकाशा एकमेकांवर बसत नाहीत. हृदयाच्या बाजूच्या भिंतीवर नकाशातलं फुप्फुस येतं, तिथं गळती कमी धरली जाते आणि धडधाकट भिंतीवर नवाच डाग उमटतो. एक खोटा डाग घालवायला आणलेलं तंत्र दुसरा खोटा डाग निर्माण करतं. म्हणून जाणते डॉक्टर दुरुस्त केलेली आणि न केलेली अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचतात आणि हृदयाचं चित्र नि सीटीचा नकाशा जुळलेत का ते आधी तपासतात. ज्या विभागात सीटीची सोय नाही तिथं रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा चित्र घेतात. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेल्या चित्रांत ती भिंत आकुंचन पावताना नीट जाड होत असेल तर तिथं व्रण नाही, हा साधा आणि फार मोलाचा पुरावा आहे.

वळलेल्या किरणांचंही असंच. इलेक्ट्रॉनवर आपटून थोडी ऊर्जा गमावलेले किरण भलत्या दिशेनं येतात आणि कॅमेऱ्याला ते सरळच आल्यासारखे वाटतात. ऊर्जा मोजून त्यांना हाकलता येतं, पण पूर्ण नाही, कारण कॅमेऱ्याची ऊर्जेची जाण ढोबळ असते आणि १२६ ते १५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची खिडकी उघडी ठेवावीच लागते. जपानमध्ये कोइची ओगावा यांनी १९९१ मध्ये या खिडकीच्या दोन्ही कडांना अरुंद खिडक्या उघडून आत शिरलेल्या भटक्यांचा अंदाज बांधायची रीत दिली. ती साधी असल्यामुळेच टिकली.

तिसरी गोष्ट पसरण्याची. कोलिमेटरच्या छिद्राला लांबी-रुंदी असते, त्यामुळे दूरचा बिंदू जास्त पसरट दिसतो. दहा सेंटिमीटरवर सात-आठ मिलिमीटर, त्यापुढे आणखी. हृदयाची भिंतच सुमारे सेंटिमीटरभर जाड, म्हणजे धूसरपणा जवळजवळ भिंतीएवढा. प्रत्येक अंतरावर किती पसरतं हे सूत्राला सांगितलं की ते ती धूसरता उलट दिशेनं सोडवतं. २००० नंतरच्या दशकात जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर आपापल्या नावानं बाजारात आणलं आणि निम्म्या वेळेत तपासणीची हमी दिली. ती मोठ्या प्रमाणात खरी ठरली. तरीही या सूत्राला भिंतीच्या कडा जरा जास्तच ठसठशीत करायची सवय आहे, आणि हृदयाच्या टोकाशी, जिथं भिंत मुळातच पातळ असते, तिथं ती अधिकच पातळ दिसते. जुन्या चित्रांवर नजर बसलेल्या डॉक्टरांना हे नव्यानं शिकावं लागतं.

मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली. मधले काही महिने हॉलंडमधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. टेक्नेशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं त्याचा जगाचा मोठा हिस्सा या दोन भट्ट्यांतून यायचा. मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे साठवून ठेवण्याची सोय नाही. अनेक ठिकाणी डॉक्टर जुन्या थॅलियमकडे परतले, आणि अर्ध्या डोसात चित्र काढणारं गणित एकाएकी सर्वांना हवंसं झालं. त्याच सुमारास कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या घन पदार्थाचे कॅमेरे आले. त्यांतल्या एकात फिरणारा भागच नाही. सूचीछिद्रांचे एकोणीस डिटेक्टर एकाच वेळी हृदयाकडे रोखलेले असतात. एकोणीस सावल्यांवर जुनी गाळणीची रीत चालणंच शक्य नव्हतं. आधी गणित तयार होतं म्हणून असं यंत्र बनवता आलं. त्यात तपासणी पाच मिनिटांच्या आत होते.

हे सगळं कोणासाठी? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकारानं २०१३ मध्ये ६५ देशांतल्या ३०८ केंद्रांतून ७,९११ रुग्णांची नोंद घेतली गेली. रुग्णाला मिळणाऱ्या किरणोत्साराचा सरासरी डोस १० मिलिसिव्हर्ट निघाला आणि ९ किंवा त्याखालचं उद्दिष्ट तीसच टक्के केंद्रांनी गाठलेलं होतं. सूत्र उपलब्ध असूनही डोस तसाच. निम्मा वेळ वाचला की दिवसाच्या यादीत रुग्ण वाढवता येतात. तेच गणित वापरून डोस निम्मा करता येतो, पण त्याचा फायदा मुख्यतः रुग्णाला होतो आणि हिशेबाच्या वहीत फारसा दिसत नाही. ही निवड प्रत्येक विभाग रोज करतो आणि ती रुग्णाच्या बाजूनं व्हावी असं मला मनापासून वाटतं.

चित्र सुंदर झालं म्हणजे चांगलं झालं का, या प्रश्नाला ॲरिझोना विद्यापीठाच्या हॅरिसन बॅरेट यांनी आयुष्य दिलं. चित्राचा दर्जा त्याच्या देखणेपणावर ठरवू नका, त्यातून डाग सापडतो की नाही यावर ठरवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी खरं उत्तर आधी माहीत असलेलं शरीर लागतं. म्हणून संशोधक पाण्यानं भरलेले प्लॅस्टिकचे धड-फँटम वापरतात, किंवा पूर्ण संगणकी माणसं: पॉल सेगर्स आणि बेंजामिन त्सुई यांनी घडवलेल्या अशा देहांची हृदयं धडधडतात, फुप्फुसं श्वास घेतात, आणि त्यांच्यात ठरवून, ठरावीक जागी डाग ठेवता येतो. स्वीडनच्या लुंडमध्ये मायकेल युंगबर्ग यांनी लिहिलेला 'सिमिंड' हा प्रोग्राम एकेका किरणाचा प्रवास फासा टाकून खेळवतो. मग डॉक्टरांना शेकडो चित्रं दाखवून विचारायचं: डाग आहे की नाही? देखणं पण डाग लपवणारं सूत्र तिथं उघडं पडतं.

ही कसोटी आज कधी नव्हे इतकी गरजेची आहे, कारण आता पुनर्रचनेत शिकणारी यंत्रं आली आहेत. हजारो स्कॅन दाखवून शिकवलेलं न्यूरल जाळं थोड्या किरणांच्या खरबरीत चित्राचं गुळगुळीत चित्र करतं. सीटी न घेता गळतीचा नकाशा अंदाजानं काढणारीही जाळी आहेत, आणि सीटी नसलेल्या केंद्रांची संख्या पाहता मला त्यांच्याकडून खरी आशा वाटते. पण मोजलेलं आणि मानलेलं यांतली सीमा इथं पुसट होते. ओसेम जे मानून घेतं ते भौतिकशास्त्राचे नियम असतात, पुण्यात आणि टोकियोत सारखेच. शिकलेलं जाळं मानून घेतं ते 'हृदयं साधारण अशी दिसतात' हे. ज्याचं हृदय तसं दिसत नाही, त्याच्यासाठीच तर ही तपासणी असते.

आणि ती हृदयं कुणाची? स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये निरोगी हृदयांचा संच असतो. रुग्णाचे सतरा भाग त्याच्याशी ताडून गुण दिले जातात. अमेरिकी रुग्णांवर बेतलेले संच आपल्याला तंतोतंत लागू पडत नाहीत हे जपानी डॉक्टरांना कळलं आणि केनिची नाकाजिमा यांच्या गटानं जपानी लोकांचा वेगळा संच उभा केला. लहान चणीच्या बायकांमध्ये अडचण आणखी ठळक असते. हृदय लहान, धूसरता तेवढीच, त्यामुळे आकुंचनाच्या वेळी आतला कप्पा प्रत्यक्षाहून लहान दिसतो आणि पंपाची ताकद फुगवून मोजली जाते. नाशिक-लातूरकडच्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाईचा पंच्याऐंशी टक्क्यांचा आकडा वाचताना हे ध्यानात असायला हवं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची परंपरा १९६३ पासूनची, आणि औषधांचे संच पुरवणारी ब्रिट ही संस्था वाशीला. डॉक्टर-टेक्नॉलॉजिस्ट घडवणारा मुंबईसारखा अनुभव फार थोड्या शहरांकडे आहे. आपल्या देहयष्टीचा निरोगी संच घडवायला आणि परदेशातून आलेलं प्रत्येक शिकलेलं सूत्र आपल्या रुग्णांवर तपासून घ्यायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

पुनर्रचनेलाही एक भिंत आहे, तीही सांगायला हवी. हे चित्र तुलनेचं असतं: सगळ्यांत उजळ भाग शंभर टक्के धरून बाकीचे मोजतात. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळा स्नायू सारखाच मंद असतो आणि चित्र निरोगी दिसू शकतं. तिथं दर मिनिटाला किती रक्त वाहतं हेच मोजावं लागतं. ते पेट स्कॅन चांगलं करतो, पण त्यात वापरतात त्या किरणोत्सारी अमोनियाचं अर्धायुष्य दहा मिनिटांचं, म्हणजे तो बनवणारा सायक्लोट्रॉन जवळपास त्याच आवारात हवा. नव्या घन कॅमेऱ्यांवर इंजेक्शनच्या क्षणापासून चित्र घेऊन हेच साधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

या सगळ्या गणितातून रुग्णाच्या हाती पडणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र एक न घेतलेलं इंजेक्शन आहे. नेहमीच्या पद्धतीत एक चित्र हृदयाला ताण दिल्यानंतरचं आणि एक विश्रांतीचं. एकाच दिवशी दोन्ही करायची तर दुसरा डोस पहिल्याच्या तिप्पट, कारण पहिल्याचा उरलेला उजेड झाकावा लागतो. पण ताणानंतरचं चित्रच निखळ निरोगी असेल तर विश्रांतीच्या चित्रानं त्यात काही भर पडत नाही. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १६,८५४ रुग्णांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये दाखवलं की एकाच चित्रावर निरोगी ठरलेल्यांचा मृत्युदर दोन्ही चित्रं घेतलेल्या निरोगींइतकाच होता. अट एवढीच की डॉक्टरांना पहिल्या चित्राची खात्री वाटली पाहिजे, आणि ती खात्री डायफ्रॅमचा हिशेब नीट मांडला गेला असेल तरच वाटते. दोन्ही इंजेक्शनं मिळून साधारण बारा मिलिसिव्हर्ट होतात, एकट्या पहिल्याचे तीनच्या आत. आणि वाचलेल्या त्या दुसऱ्या डोसात आणखी तिघांची पहिली तपासणी होते.